२३५ किलोमीटरची मुंबई

मुंबई आणि रत्नागिरी इथल्या विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. शाळेतल्या भूगोलावरही ते काढता येतं. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं उत्तर अक्षांशावर, तर रत्नागिरीचा १७ अंश १ मिनिटावर. फरक १२४ मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, म्हणजे दक्षिणेकडे २३० किलोमीटर झाले. शिवाय रत्नागिरी मुंबईच्या थोडी पूर्वेला आहे, साधारण ४९ किलोमीटर. दोन्हींना पायथागोरसचा नियम लावला की २३५ येतात.

रस्त्यानं मात्र हेच अंतर ३४० च्या घरात जातं. वरचे शंभर किलोमीटर खाड्यांनी घातलेले आहेत. सह्याद्रीतून निघालेली सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला समुद्राला मिळते आणि मुखाशी प्रत्येक नदी रुंद खाडी होते. तिथं पूल बांधणं जुन्या काळी आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून महामार्ग किनारा सोडून आत वळला. महाड, खेड, चिपळूण अशी जिथं नदी ओलांडता येईल ती गावं धरत, कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट चढत-उतरत तो हातखंब्याला येतो आणि तिथून रत्नागिरीचा फाटा फुटतो. त्या काळी सरळ वाट होती ती पाण्यावरची. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट किनाऱ्यालगत बंदरं घेत यायची. पावसाळ्यात ती बंद.

कोकण रेल्वेनं डोंगर वळसा घालून टाळले नाहीत, फोडले. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, दक्षिणेला पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. २६ जानेवारी १९९८ ला हा मार्ग पूर्ण खुला झाला. पावसाळा सोडला तर वंदे भारत सीएसएमटीहून साडेचार तासांच्या आत रत्नागिरीला पोचते. पावसाळी वेळापत्रक लागलं की दरडींच्या भीतीनं वेग उतरवावा लागतो, आणि तो उतरवलाच पाहिजे.

आता विमान. एटीआर जातीचं पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरनं उडतं, म्हणजे हिशेबानं २८ मिनिटं. पण तिकिटावरची वेळ चाकं हलल्यापासून ती थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, मुंबईत रांगेत थांबणं, चढणं, उतरण्यासाठी वेग कमी करणं हे सगळं धरलं की तास लागतोच. जवळचं उदाहरण सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला तिथून मुंबईची सेवा सुरू झाली. हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर, आणि वेळापत्रकातली वेळ दीड तासाच्या थोडी आत होती. छोट्या अंतरात उड्डाणापेक्षा त्याची आवराआवरच जास्त वेळ खाते.

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या सड्यावर धावपट्टी आहे, तटरक्षक दलाचा तळ आहे आणि प्रवासी टर्मिनलचं कामही हाती घेतलेलं आहे. तासाभराच्या उड्डाणाला घर ते विमानतळ, तपासणी आणि मुंबईतली रहदारी जोडली तर चार तास सहज होतात. म्हणजे वंदे भारतपेक्षा फार काही वाचत नाही. तरीही रत्नागिरी-मुंबई विमानसेवा हवी, असं मला मनापासून वाटतं; विशेषतः मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत वरचेवर जावं लागणाऱ्यांसाठी. मात्र विमान सकाळी लवकर रत्नागिरीहून सुटलं पाहिजे आणि संध्याकाळी परत आलं पाहिजे. दुपारी एकच फेरी ठेवली, तर रुग्णाला मुंबईत मुक्काम करावाच लागेल.