जुना गडी, नवा डाव!

दोस्तांनो, मुळशी तालुक्यातलं नेरे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कच्या अगदी जवळ आहे. हिंजवडीच्या ऑफिसांत नवेकोरे कॉम्प्युटर. पण म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या प्रत्येक घरात नवा कॉम्प्युटर असतो असं थोडंच आहे! कुणाकडे दादाचा जुना, कुणाकडे दुकानातून स्वस्तात आणलेला. त्यावर अभ्यास होतो, शाळेचे प्रकल्प टाईप होतात. पण नवा गेम लावला, की भरलेल्या एसटीनं घाट चढावा तशी त्याची गत होते. आपण उडीचं बटण आत्ता दाबायचं आणि पडद्यावरचा गडी उडणार मनात येईल तेव्हा! मग घरात एकच धोशा : "बाबा, नवीन कॉम्प्युटर घ्या ना!"

जरा थांबा. हजारो रुपये घालवण्याआधी आपल्या जुन्या गड्याची नाडी तर तपासूया!

ठिपक्यांचा हिशेब

पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात किती झाले? गुणाकार करून बघा. २० लाख ७३ हजार ६००! गेममध्ये सेकंदाला अशी ६० चित्रं काढायची, म्हणजे १२ कोटी ४४ लाख ठिपके. तेसुद्धा दर सेकंदाला!

आता गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन १२८० गुणिले ७२० निवडा आणि सेकंदाला ३० चित्रांवर समाधान माना. काम उरतं २ कोटी ७६ लाख ठिपक्यांचं. साडेचार पटीनं ओझं कमी, आणि खर्च शून्य रुपये! वर सावल्या, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं कमी केली की ग्राफिक्स कार्डाला आणखी मोकळा श्वास मिळतो.

ही युक्ती काही आजची नाही बरं का. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा गेम आला, तेव्हा अनेकांकडे जुने ३८६ कॉम्प्युटर होते. डूमचा अख्खा पडदा फक्त ३२० गुणिले २०० ठिपक्यांचा. तरीही ३८६ ला धाप लागायची! म्हणून गेम बनवणाऱ्यांनीच सोय करून ठेवली होती. एक बटण दाबलं की चित्र लहान व्हायचं, भोवती चौकट यायची आणि खेळ पळू लागायचा.

ओटा आणि फडताळ

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असेल तर आईला दर मिनिटाला फडताळाकडे धावावं लागेल. कॉम्प्युटरचंही तसंच. खेळताना मध्येच सगळं थिजतं आणि डिस्कचा दिवा सारखा लुकलुकतो, तेव्हा बहुधा ओटा अपुरा पडलेला असतो. मागे उघडे ठेवलेले बाकीचे प्रोग्रॅम आधी बंद करा.

पुण्याची राजी

पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या एका शूर मुलीची ती कथा. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी कुठे आला ठाऊक आहे? निन्टेन्डो स्विच या हातात मावणाऱ्या यंत्रावर. हे यंत्र २०१७ चं, रॅम फक्त ४ जीबी आणि पडदा १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचा! मोठ्या कॉम्प्युटरवर तो ऑक्टोबरमध्ये आला. छोट्या यंत्रावर खेळ बसवायचा तर काटछाट करावीच लागते. पण राजीचं धाडस त्यामुळे काही कमी होत नाही!

घरचे डॉक्टर व्हा

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

ठिपके कमी केल्यावर खेळ पळू लागला? मग अडचण ग्राफिक्सची होती. काहीच फरक पडला नाही? मग प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा. पहिली दहा मिनिटं झकास आणि नंतर रडगाणं? मग धूळ आणि उष्णता. फार तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. मोठ्या माणसाला सोबत घ्या, वायर काढा आणि पंख्यावरची धूळ मऊ ब्रशनं झाडा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात धक्का देणारी वीज साठून राहू शकते.

आई-बाबांसाठी

मुलांची वही बघूनच पैसे काढा. ओटा अपुरा असेल तर रॅम वाढवणं नव्या कॉम्प्युटरपेक्षा स्वस्त पडतं. पण जुन्या पट्टीचा प्रकार आधी बघा, कारण डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-३ च्या खाचेत बसत नाही. एसएसडी बसवली तर गेम लवकर उघडेल, पण खेळतानाचा वेग त्यानं फारसा वाढणार नाही.

काही ठिकाणी हार मानावीच लागते. 'स्टीम' या गेमच्या दुकानानं १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ ची साथ सोडली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही नव्या गेमना लागणारी सोय जुन्या ग्राफिक्स कार्डात नसतेच, तिथे कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही. म्हणून विकत घेण्याआधी गेमची किमान गरज वाचा. आणि 'फुकट गेम' म्हणून कुठलीही फाईल उतरवू नका. गेम राहील बाजूला, व्हायरस घरात!

मग काय दोस्तांनो, या रविवारी काढणार ना वही? वही भरेपर्यंत गेम कदाचित पळू लागेल. नाहीच पळाला, तरी तुमच्या कॉम्प्युटरला नेमकं काय हवंय हे दुकानदाराच्या आधी तुम्हीच सांगाल!