मुलाखतीला या, पण स्वखर्चाने

नोकरीच्या जाहिरातीत पदसंख्या, पात्रता, वयोमर्यादा आणि मानधन वाचून झाले की तळाशी बारीक अक्षरांत सूचना असतात. उमेदवाराने मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने उपस्थित राहावे, प्रवासभत्ता देय राहणार नाही, अशा अर्थाची सूचना त्यांत बहुतेकदा असतेच. ती इतकी सवयीची झाली आहे की वाचताना कुणी अडखळत नाही. अडखळायला हवे. अनेक घरांत नोकरीसाठी अर्ज करायचा की नाही, हे तिथेच ठरते.

मुलाखतीचा खर्च म्हटला की आपण तिकिटाचा विचार करतो. पण सकाळी दहाला हजर राहायचे तर आदल्या रात्री पोहोचावे लागते, म्हणजे लॉज आला. स्टँडपासून कंपनीपर्यंतची रिक्षा, दोन वेळचे जेवण, झेरॉक्स, साक्षांकन, कधी एखादा नवा शर्ट. आधीच कुठे कामाला असलेल्याची रजा जाते आणि रोजंदारीवरच्याचा खाडा पडतो. मुलगी असेल तर घरचे एकटीला परगावी पाठवत नाहीत. भाऊ किंवा वडील सोबत निघतात. तिकिटे दोन, जेवणे दोन, आणि वडिलांचाही खाडा. तीच पात्रता असलेल्या मुलाला जी मुलाखत एका भाड्यात पडते, ती मुलीच्या घराला जवळजवळ दुपटीने महाग जाते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा इथे खरा आधार झाला आहे. पण तो राज्यापुरता, एसटीपुरता आणि तिच्या एकटीच्या तिकिटापुरता.

आणि नोकरी एका मुलाखतीत क्वचितच मिळते.

मग हा खर्च कुणी द्यायचा? खासगी मालकाने मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराला प्रवासखर्च दिलाच पाहिजे, असा कायदा भारतात नाही. कंपनीचे धोरण आणि उमेदवाराची गरज यांच्यात जे ठरेल ते ठरते. सरकारी भरतीत नियम आहेत, पण ते पदागणिक आणि खात्यागणिक बदलतात.

केंद्रीय लोकसेवा आयोगापासून सुरुवात करू. नागरी सेवेच्या मुलाखतीसाठी दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये जाणाऱ्या उमेदवाराला जाण्यायेण्याच्या रेल्वेभाड्यापोटी रक्कम मिळते. ती साधारणपणे मेल-एक्सप्रेसच्या स्लीपर वर्गाच्या भाड्याएवढी असते आणि त्यासाठी तिकिटांसह दावा अर्ज भरून द्यावा लागतो. थर्ड एसीने गेलात तर वरचा फरक तुमचा. करोनाच्या काळात, जुलै 2020 मध्ये, राहिलेल्या मुलाखती घ्यायच्या होत्या आणि गाड्या पुरेशा धावत नव्हत्या, तेव्हा आयोगाने एकवेळची बाब म्हणून उमेदवारांना विमानभाडे द्यायचे ठरवले. बोलावणाऱ्याने मनावर घेतले तर वाट निघते, हे तेव्हा दिसले. शिवाय महाराष्ट्रातल्या उमेदवारांना बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांकडून यूपीएससीच्या मुलाखतीसाठी वेगळी आर्थिक मदत मिळते. ती गटनिहाय आहे आणि अर्ज वेळेत करावा लागतो. निकालाच्या आनंदात ती मुदत चुकवू नये.

माझ्या मते या बाबतीत सगळ्यांत नीट व्यवस्था सैन्यदलांची आहे. लष्करी अधिकारी व्हायचे तर एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत द्यावी लागते. तिची केंद्रे भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, कपूरथळा अशा ठिकाणी. नौदल आणि हवाईदलाची मंडळे वेगळी, कुणाला म्हैसूर तर कुणाला डेहराडून. महाराष्ट्रातल्या मुलांना बहुतेक वेळा राज्याबाहेरच जावे लागते. निवडप्रक्रिया पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी, एक चित्र पाहून त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा. त्यात न निवडलेल्यांना त्याच दिवशी परत पाठवतात. दीड दिवसाचा प्रवास करून गेलेला मुलगा दुपारीच पुन्हा स्टेशनवर उभा असतो. पण त्या प्रकारच्या कमिशनसाठी तो पहिल्यांदा आला असेल, तर त्याला जाण्यायेण्याचे थर्ड एसीचे रेल्वेभाडे आरक्षणाच्या आकारासह मिळते. राहण्या-जेवणाची सोय मंडळाकडेच असते.

या नियमातली मेख मात्र आधीच माहीत असलेली बरी. त्याच प्रकारच्या कमिशनसाठी दुसऱ्यांदा गेलात तर भाडे मिळत नाही. एसएसबीत तिसऱ्या-चौथ्या वेळी निवड झालेले अधिकारी पुष्कळ आहेत आणि चिकाटी हा तर या सेवेत हवाच असलेला गुण. तरीही चिकाटीचे भाडे मुलालाच भरावे लागते. सरकारी तिजोरीने सतत येणाऱ्यांना किती वेळा पैसे द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या प्रयत्नानंतर एकदम शून्य, हे मला पटत नाही. निदान दुसऱ्या खेपेला स्लीपरचे भाडे द्यायला काय हरकत आहे?

सार्वजनिक क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्याही बाहेरगावच्या उमेदवाराला भाडे देतात. कोणता वर्ग ते पदानुसार ठरते आणि सर्वांत जवळच्या मार्गाचेच भाडे मिळते. या ‘जवळच्या मार्गा’त एक अडचण दडलेली आहे. हिशेब रेल्वेचा असतो आणि देश काही सगळीकडे रेल्वेजवळ राहत नाही. गडचिरोली जिल्ह्यात गाडी पकडायची तर वर्षानुवर्षे देसाईगंजचे वडसा स्थानक हाच आधार राहिला आहे. भामरागडच्या मुलाला आधी दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर रस्त्याने तोडावे लागते. रस्त्याच्या प्रवासाचे पैसे मागायची तरतूद असली तरी तिच्या अटी वेगळ्या असतात. म्हणून कॉल लेटरमधला परताव्याचा मजकूर निघण्याआधी वाचावा आणि एसटीचे तिकीटही जपून ठेवावे. परत आल्यावर खिशात सापडत नाही, अशा कागदांत बसच्या तिकिटाचा नंबर फार वरचा.

रेल्वेची एक सवलत आज अनेकांना आठवतही नसेल. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बेरोजगार तरुणांना भाड्यात सूट मिळत असे. मुलाखतीचे पत्र दाखवायचे आणि सवलतीचे तिकीट घ्यायचे. मार्च 2020 मध्ये करोनाच्या तोंडावर रेल्वेने बहुतेक सवलती थांबवल्या. दिव्यांग, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू राहिल्या. मुलाखतीला निघालेला बेरोजगार त्या यादीत नव्हता. ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली तेव्हा संसदेपासून कट्ट्यापर्यंत आवाज उठला, आणि तो उठायलाच हवा होता. बेरोजगारांच्या सवलतीसाठी तसा आवाज कुणी उठवला नाही. रेल्वे भरती मंडळांच्या परीक्षेला जाणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना मात्र स्लीपरच्या मोफत प्रवासाचा पास मिळतो. ती सोय सुरू आहे आणि अर्ज भरतानाच ती मागावी लागते.

1 जानेवारी 2016 पासून केंद्राने गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. हेतू वशिला आणि भ्रष्टाचार रोखण्याचा होता. पण त्यामुळे लाखो घरांचा एक प्रवासही वाचला. हा निर्णय लवकर उचलणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. पुढे ऑनलाइन परीक्षांची केंद्रे दूरदूरच्या शहरांत मिळू लागली आणि वाचलेला प्रवास दुसऱ्या दाराने परत आला, ही तक्रार खरी आहे. तरीही एकाच नोकरीसाठी दोनदा परगावी जाणे तरी टळले.

खरी दुखरी जागा कंत्राटी भरतीची आहे. जिल्हा परिषदा, महापालिका, आरोग्य अभियान, महाविद्यालयांतली तासिका तत्त्वावरची पदे: इथे ‘थेट मुलाखत’ असते. अर्ज आधी पाठवायचा नाही, ठरल्या दिवशी कागद घेऊन यायचे. सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत उमेदवाराच्या खिशाला सर्वांत जास्त लागते, कारण छाननी तो आल्यानंतर होते. परिचर्या परिषदेची नोंदणी नूतनीकरण केलेली नाही, अनुभवाच्या दाखल्यावर जावक क्रमांक नाही, प्रवर्गात जागाच नाही, हे सगळे त्याला रांगेत तीन तास उभे राहिल्यावर कळते. कधी दारावर कागद चिकटवलेला असतो की मुलाखती पुढे ढकलल्या आहेत. नांदेडहून निघून कोल्हापुरात पोहोचलेल्या नेट-सेट झालेल्या मुलाला त्या कागदापुढे उभे राहून काय वाटत असेल, याचा विचार तो कागद चिकटवणाऱ्याने करायला हवा. पद अकरा महिन्यांचे किंवा तासांवरचे, मानधन तुटपुंजे. आणि इथेच प्रवासभत्ता शून्य.

खासगी क्षेत्रातही हाच उतार दिसतो. मोठ्या पदासाठी बोलावले तर कंपनी विमानाचे तिकीट स्वतः काढून पाठवते, हॉटेलही ठरवते. मधल्या पदाला तिकीट दाखवल्यावर पैसे मिळतात, कधी विचारले तरच. हिंजवडीच्या किंवा खराडीच्या आयटी पार्कात ‘वॉक-इन’ला येणाऱ्या नव्या पदवीधराला काहीच मिळत नाही. ज्याला चार-पाच हजारांचा खर्च जाणवणारही नाही त्याला तिकीट घरपोच, आणि ज्याने ते पैसे मित्राकडून उसने घेतले आहेत त्याला स्वखर्च. मालकाची बाजू मी समजू शकतो: वॉक-इनला पाचशे जण आले तर पाचशेंचे भाडे कोण देणार? पण मग पाचशे जणांना बोलावायचेच कशाला? पहिली फेरी आता व्हिडिओवर सहज होते. कागदपत्रे स्कॅन करून तपासता येतात. शेवटच्या चार-पाच जणांना प्रत्यक्ष बोलवा आणि त्यांचे भाडे द्या. छोट्या कारखान्यालाही ते परवडते.

जर्मनीत हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कलमाने सोडवला आहे. तिथली नागरी संहिता 1 जानेवारी 1900 पासून लागू आहे. तिच्या 670 व्या कलमाचा आशय असा की एखाद्याच्या सांगण्यावरून काम करताना माणसाला जो आवश्यक खर्च येतो, तो काम सांगणाऱ्याने भरून द्यावा. न्यायालयांनी हे तत्त्व मुलाखतीला लावले. मालकाने बोलावले आणि खर्चाबद्दल काहीच सांगितले नाही, तर वाजवी प्रवासखर्च त्याने द्यायचा, मग नोकरी मिळो वा न मिळो. द्यायचा नसेल तर तसे आमंत्रणातच स्पष्ट कळवायचे. वाजवी म्हणजे साधारणपणे रेल्वेचा दुसरा वर्ग. विमानासाठी आधी विचारलेले बरे. बेरोजगाराला तिथल्या रोजगार कार्यालयाकडूनही मदत मागता येते, पण अर्ज प्रवासाच्या आधी करावा लागतो. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे आणि जर्मनीत शिकणारी मराठी मुलेही आता कमी नाहीत. श्टुटगार्टहून हॅम्बुर्गला मुलाखतीला जाणाऱ्याने हे कलम लक्षात ठेवावे.

मला त्या व्यवस्थेतली भाड्याची रक्कम फारशी महत्त्वाची वाटत नाही. गप्प राहिल्याचा खर्च तिथे मालकावर पडतो, हे महत्त्वाचे. आपल्याकडे पत्रात काही लिहिलेले नसेल तर उमेदवार समजून चालतो की आपलेच पैसे जाणार. ही समजूत उलटी करायला फार मोठा कायदा लागत नाही. राज्य सरकार आपल्या कार्यालयांपुरता आणि अनुदानित संस्थांपुरता एक शासन निर्णय काढू शकते: छाननी आधी, यादी संकेतस्थळावर, आणि यादीतल्या बाहेरगावच्या उमेदवाराला एसटीचे साधे भाडे. मुलाखत रद्द झाली तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत संदेश. संदेश गेला नाही तर आलेल्याचे भाडे त्या कार्यालयाने द्यायचे.

तोवर उमेदवाराने काय करावे? विचारावे. प्रवासखर्चाबद्दल विचारले तर आपण गरजू दिसू, नोकरी हातची जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. पण बोलावणे आल्यावर विचारणे रीतसर आहे. ईमेलला उत्तर देतानाच लिहावे: ‘मी ठरल्या वेळी हजर राहीन. मी लातूरहून येणार आहे. प्रवासखर्चाच्या परताव्याबाबत कंपनीचे धोरण कळवावे. पहिली फेरी ऑनलाइन घेणे शक्य असल्यास तेही कळवावे.’ उत्तर लेखी घ्यावे. फोनवर एचआरने ‘हो, देतो’ म्हटले तर तेवढेच ईमेलवर मागून घ्यावे. तिकीट स्वतःच्या नावावर काढावे, बोर्डिंग पास आणि लॉजचे बिल ठेवावे. एकाच शहरात दोन ठिकाणी अर्ज असतील तर तारखा जवळजवळ मागून पाहाव्यात, बऱ्याचदा मिळतात.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. नामांकित कंपनीच्या नावाने पत्र येते, तुमची निवड मुलाखतीसाठी झाली आहे, विमानाचे तिकीट आम्ही पाठवतो, फक्त अमुक हजार रुपये परतावा-योग्य अनामत या खात्यात भरा. लेटरहेड हुबेहूब असते, खाली सहीही असते. प्रवासखर्च देणारी कंपनी उमेदवाराकडून आधी पैसे मागत नाही. पैसे भरले गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन होईल, तितकी ती रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.