पुण्यात राहून स्कुबा शिकताना

मालवणला प्रशिक्षक धरून पाण्याखाली फिरवून आणतो, ती झलक झाली. कोर्स वेगळा. पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या 'ओपन वॉटर डायव्हर'मध्ये थिअरी आणि पूलचे धडे पुण्यात होऊ शकतात, मग समुद्रात ४ डाइव्ह. त्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा संस्था आहे. २०० मीटर न थांबता पोहता आणि १० मिनिटं तरंगता यायला हवं. हा कोर्स १८ मीटर खोलीपर्यंतचा.

मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढायचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटला. नाकाशी पाणी आलं की जीव घाबरतो, आणि ती घाबरगुंडी पूलमध्येच जिरलेली बरी.

श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिला नियम. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते आणि रोखून धरली तर फुप्फुसाला इजा होते. कानांचा दाब मात्र पहिल्या मीटरपासून, दुखायच्या आधीच सोडवत जायचा. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द!

आपल्या पुणेकरांसाठी खास: अनेक डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास थांबायला सांगतात. पण आपण गाडीने परततो आणि आंबोलीचा घाट ६०० मीटरच्या वर चढतो. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे बनून त्रास देऊ शकतो; त्याला विमान काय नि घाट काय, उंची ती उंचीच. शेवटची डाइव्ह आणि परतीचा प्रवास एकाच दिवशी ठेवू नका. मुक्काम वाढवा, मासे खा, सकाळी निघा.