रसायनशास्त्रातील विज्ञान पदवी

रसायनशास्त्रातील विज्ञान पदवी, अर्थात रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळवलेली बी.एस्सी., ही भारतीय विद्यापीठांची पदवी होय. बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना तिला प्रवेश मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवी रचना शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली.

== श्रेयांकांची रचना ==
पदवीचे मोजमाप श्रेयांकांत, म्हणजेच क्रेडिटमध्ये होते. एका सत्रातील १५ तासांच्या व्याख्यानांस किंवा ३० तासांच्या प्रात्यक्षिकांस एक श्रेयांक मिळतो. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या, म्हणजे सहा सत्रांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आवश्यक असतात. त्यांची किमान विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

* मुख्य विषय (रसायनशास्त्र) : ६०
* गौण विषय : २४
* बहुविद्याशाखीय विषय : ९
* भाषा व संवादक्षमता : ८
* कौशल्यविकास : ९
* मूल्यवर्धित विषय : ६ ते ८
* इंटर्नशिप : २ ते ४

केवळ एकूण बेरीज पूर्ण होणे पुरेसे नसते. प्रत्येक गटातील अट स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागते. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही भाषा किंवा इंटर्नशिपचे श्रेयांक अपुरे राहिल्यास पदवी अपूर्ण राहते. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी गटनिहाय श्रेयांक तपासणे हिताचे ठरते.

== अभ्यास व प्रात्यक्षिके ==
मुख्य विषयात भौतिक, असेंद्रिय, सेंद्रिय आणि वैश्लेषिक रसायनशास्त्राचा समावेश होतो. अनुमापन, क्षारांच्या मिश्रणाचे गुणात्मक विश्लेषण, सेंद्रिय संयुगांची ओळख व निर्मिती, अभिक्रियेच्या वेगाचे मापन ही नेहमीची प्रात्यक्षिके होत. प्रयोगांची नोंद जर्नलमध्ये ठेवावी लागते. प्रात्यक्षिक परीक्षेस बसण्यासाठी शिक्षकांनी प्रमाणित केलेले जर्नल सामान्यतः आवश्यक असते. व्याख्यानास न आलेला विद्यार्थी तो भाग पुस्तकातून भरून काढू शकतो. चुकलेल्या प्रयोगाची भरपाई मात्र प्रयोगशाळेतच करावी लागते.

== तीन की चार वर्षे ==
पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांकांसह शिक्षण थांबवणाऱ्यास प्रमाणपत्र, तर दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर पदविका मिळते. दोन्ही वेळी उन्हाळी सुटीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करणे बंधनकारक आहे. असा विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करू शकतो. त्याचे श्रेयांक अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात.

चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. संशोधनासह ऑनर्स हवी असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प अपेक्षित असतो.

== पुढील शिक्षण ==
तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, तर चार वर्षांच्या पदवीनंतर ती एका वर्षाची असू शकते. चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असल्यास पीएच.डी. प्रवेशासाठीही पात्रता मिळते. त्यामुळे संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्याने गुणांची ही अट पहिल्या सत्रापासूनच ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.