रद्द केलेलं पार्सल आलं, म्हणून ते आपलं होत नाही

"ऑर्डर कॅन्सल केलती. पैसं बी दिलं न्हाईत. तरी पार्सल आलं. मग आता ते आपलंच की!" कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बाजारपेठेत हे वाक्य इतक्या ठामपणे कानावर पडतं की ऐकणाऱ्याला आपलंच अज्ञान वाटावं. शंका काढली तर पुढचं उत्तरही ठरलेलं असतं: "कायदाच तसा हाय, मोबाईलवर बघितलंय." मोबाईलवर बघितलं असेल. कायदा तसा नाही.

आधी हे घडतं कसं ते पाहू. समजा, कुणी मिक्सर मागवला. पैसे खात्यातून गेलेच नाहीत, किंवा गेले आणि परत आले. ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेजही आला. पण तोवर गोदामात खोक्यावर लेबल चिकटलेलं होतं. रद्द झाल्याची नोंद संकेतस्थळावर होते. ती गोदामात आणि कुरिअरवाल्याकडे वेळेत पोचेलच असं नाही. खोकं निघतं ते थेट मुरगुडात. लेबलवर 'प्रीपेड' छापलेलं, त्यामुळे आणून देणारा पोरगा पैसे मागत नाही. घरी कुणी नसेल तर शेजारच्या दुकानात ठेवून जातो. माल दारात, पैसे खात्यात. इथून लोकांचं कायद्याचं ज्ञान सुरू होतं.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७० व्या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनीच एक उदाहरण देऊन ठेवलं आहे: एका व्यापाऱ्याने चुकून दुसऱ्याच्या घरी माल टाकला, त्या दुसऱ्याने तो आपलाच समजून वापरला, तर त्याने व्यापाऱ्याला त्याची किंमत दिली पाहिजे. इंटरनेट नव्हतं, कुरिअर नव्हतं, पण मुद्दा हाच होता. दीडशे वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट आपण कट्ट्यावर अजून चर्चेला घेतो.

त्यापुढचं ७२ वं कलम तर एका वाक्याचं आहे. चुकून पैसे मिळाले किंवा एखादी वस्तू हाती आली, तर ज्याच्या हाती आली त्याने ती परत केली पाहिजे. पैसे आणि वस्तू दोन्ही एकाच वाक्यात आहेत, हे लक्षात घ्या. यूपीआयने अनोळखी माणसाचे पाच हजार चुकून आपल्या खात्यात आले तर ते परत करायचे असतात, हे कुणालाही पटतं. तोच माणूस पाच हजारांच्या मिक्सरबद्दल मात्र वेगळा न्याय लावतो. का, तर समोर कंपनी आहे! ज्याची चूक झाली तो गरीब की श्रीमंत, असं या कलमात काहीही नाही.

"पण चूक त्यांची, मग भुर्दंड आम्हाला का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ग्राहकाच्या बाजूचं आहे. भुर्दंड तुम्हाला नाहीच. परत करणं म्हणजे स्वतःच्या खर्चाने पाठवणं नव्हे. वस्तू विक्री कायदा १९३० चं ४३ वं कलम सांगतं की माल नाकारायचा हक्क असलेल्या ग्राहकाने तो नाकारला, तर माल परत पोचवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. 'मी हा माल घेत नाही' एवढं विक्रेत्याला कळवलं की पुरे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर खरेदी झालेल्या मालालाही हा नियम आहे; मग जिथे खरेदीच रद्द झाली तिथे ग्राहकाने कुरिअरचं भाडं का भरावं? न्यायला माणूस पाठवणं हे विक्रेत्याचं काम.

विक्रेता याउलटही करू शकत नाही. "माल पोचलाय ना, मग पैसे टाका," असा तगादा लावला तर तोही बेकायदाच. अनेक मोठ्या संकेतस्थळांच्या अटींत तुमची ऑर्डर हा फक्त खरेदीचा प्रस्ताव असतो, आणि माल रवाना झाल्यावर करार पक्का होतो. प्रस्ताव स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो, हे करार कायद्याचं ५ वं कलम. रवाना होण्याआधी रद्द केलं, तर विक्री झालीच नाही. रवाना झाल्यावर संकेतस्थळानेच रद्द करू दिलं, तर मोडलेल्या व्यवहाराची किंमत नंतर मागता येत नाही. माल परत मागण्याचा हक्क त्याला आहे, तो तुमच्या गळ्यात मारण्याचा नाही.

माल नाकारता येतो, याला सर्वोच्च न्यायालयाचाही आधार आहे. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्याचा निकाल डिसेंबर १९६१ मध्ये लागला. बहुमताचा निकाल लिहिला न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे सरन्यायाधीश झालेल्या. कंत्राटदाराने रीतसर करार न होता सरकारसाठी बांधकाम केलं होतं आणि सरकारने ते वापरलंही होतं. म्हणून पैसे द्यावे लागले. पण ७० व्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयाने स्पष्ट केलं की दिलेली वस्तू नाकारायला किंवा परत करायला समोरचा मोकळा असतो, आणि त्याने तसं केलं तर हे कलम लागूच होत नाही. जबाबदारी येते ती वस्तू ठेवून घेतल्याने आणि तिचा लाभ घेतल्याने. पार्सलमधले बदाम खाल्ले, मिक्सरमध्ये चटणी वाटली, की किंमत मोजायची.

मग 'फुकट ठेवा' हे आलं कुठून? अमेरिकेतून. तिथल्या १९७० च्या टपाल कायद्यात अशी तरतूद आहे की न मागवता टपालाने पाठवलेली वस्तू घेणाऱ्याने भेट समजावी. ब्रिटननेही १९७१ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. मुद्दाम माल पाठवून मागून बिलाचा तगादा लावणाऱ्या लबाडांना आवरण्यासाठी हे नियम झाले. आपण स्वतः मागवून मग रद्द केलेल्या मालाची गोष्ट तिथेही निराळी आहे. भारतात अशी भेटीची तरतूदच नाही. पण रील बनवणाऱ्याला कुठल्या देशाचा कायदा वाचतोय याच्याशी काय घेणं? आणि आपल्याकडचा कायदा केंद्राचा असल्याने मुरगुडात एक आणि कर्नाटकातल्या निपाणीत दुसरा असंही नाही.

आता जरा गंभीर बाब. चुकून आलेलं पार्सल घरात असणं हा गुन्हा नाही. ते दुसऱ्याचं आहे हे कळल्यावर बेइमानीने दडवणं, विकणं, "आलंच नाही" म्हणणं हा गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेचं ३१४ वं कलम दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करण्याबद्दल आहे. शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. एका मिक्सरसाठी पोलीस दारात येतील असं मी म्हणत नाही. पण जे 'कायदेशीर' म्हणून छातीठोकपणे सांगितलं जातं, ते नेमकं कायद्याच्या कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक असावं.

करायचं काय, ते सोपं आहे. खोकं फोडू नका. ॲपवर किंवा ईमेलने लेखी कळवा: ऑर्डर अमुक तारखेला रद्द केली होती, पैसे दिलेले नाहीत, पार्सल माझ्याकडे आहे, घेऊन जा. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. न्यायला कुणी आलं तर पावती किंवा निदान परत नेल्याचा मेसेज घ्या. गप्प बसू नका. विक्री झालेला माल वाजवी मुदत उलटूनही काही न कळवता ठेवला, तर तो स्वीकारला असं १९३० चा कायदा धरतो, आणि विक्रेता तेच म्हणेल. 'पंधरा दिवस झाले की आपलं' हा आकडा मात्र कुठल्याही कलमात नाही. वसुलीचा दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत करता येतो.

कंपनी दाद देत नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, म्हणजे मुरगूडकराने कोल्हापूरला. कंपनीचं कार्यालय बंगळूरला असलं तरी बंगळूर गाठावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

हे नियम मोठ्या कंपन्यांनाच आहेत, असं समजू नका. इन्स्टाग्रामवरून नेमाने चटणी, गूळ किंवा चपला विकणारी आपल्या गल्लीतली बाईसुद्धा या नियमांत विक्रेतीच आहे. तिचं एक पार्सल रद्द होऊनही चुकून गेलं आणि घेणाऱ्याने गिळलं, तर तो तोटा कुठल्या कंपनीचा नसतो, तिच्या घरखर्चातला असतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

पार्सल दारात आलं की पैसे देऊन घ्यावंच लागतं? नाही. टपालखात्याची व्ही. पी., म्हणजे पैसे देऊन सोडवायचं पार्सल, १८७७ पासून होती, आणि न सोडवलेली व्ही. पी. पाठवणाऱ्याकडे परत जायची. उलट, खरोखर ऑर्डर आल्यामुळेच वस्तू पाठवतोय असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची सोय १८९८ च्या टपाल कायद्यात होती.

पार्सल नाकारलं की कर्जफेडीचा सिबिल स्कोअर बिघडतो? कॅश ऑन डिलिव्हरी हे कर्ज नव्हे, त्याचा सिबिलशी संबंध नाही. 'आता घ्या, नंतर पैसे द्या' हे मात्र कर्जच. ऑर्डर रद्द केल्यावर हप्त्याची नोंद निघाली का ते तपासा.

रद्द करायचा दंड घेतातच? विक्रेता स्वतःहून ऑर्डर रद्द करतो तेव्हा तोही तसाच दंड सोसत असेल तरच त्याला तुमच्याकडून घेता येतो.

पार्सल रद्द करायला ओटीपी सांगावा लागतो? रद्द करणं ॲपवर तुमच्याच हातून होतं. फोनवर कुणीतरी "मॅडम, कॅन्सलसाठी आलेला नंबर सांगा" म्हणाला की फोन ठेवा. नंबर सांगून पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.