कट्यारचा संगीतकार

नांदेड-लातूरकडच्या नाट्यगीतप्रेमींनो, आज थोडं पं. जितेंद्र अभिषेकींबद्दल!

जन्म २१ सप्टेंबर १९२९, गोव्यातल्या मंगेशीचा. मूळ आडनाव नवाथे. घरात देवळाची पूजा आणि वडिलांचं कीर्तन. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा गुरूंकडून वेगवेगळ्या घराण्यांची तालीम घेतली. मैफलीचे गवई म्हणून ते मोठे होतेच, पण आपल्याकडे घराघरांत पोचले ते नाटकांमुळे.

१९६४ ला त्यांच्या संगीताचं 'मत्स्यगंधा' नाटक आलं, तेव्हा संगीत नाटक थकलं होतं. पूर्वीची पदं वन्स मोअर घेत रंगायची आणि गोष्ट तिथंच खोळंबायची. अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, आलाप-ताना प्रसंगापुरत्याच ठेवल्या. गाणारं पात्र रागात नव्हे, मनःस्थितीत दिसलं पाहिजे, असा सगळा हिशोब!

'कट्यार काळजात घुसली' (१९६७) मध्ये तर नाटकच दोन घराण्यांच्या भांडणाचं. नाटकातल्या पंडितजींचं गाणं शांत, ठाय. खाँसाहेबांचं आक्रमक, तानांचं. एकाच संगीतकारानं दोन्ही गळ्यांना वेगवेगळी चाल द्यायची, म्हणजे चेष्टा नाही! या भूमिकांत गाणारे भार्गवराम आचरेकर आणि वसंतराव देशपांडे समोर होते हे खरं, तरी माझ्या मते निम्मं श्रेय चालींचं.

१९८८ ला पद्मश्री. ७ नोव्हेंबर १९९८ ला ते गेले. २०१५ च्या 'कट्यार' चित्रपटानं नव्या पिढीला यातल्या काही चाली ऐकवल्या. पेटी शिकणाऱ्या पोरांनी आधी मूळ नाटकाचं ध्वनिमुद्रण ऐकावं, मग चित्रपट.