बचत गटाला मदत मिळते कुठून?



नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर गेले की उपासनेनंतर किंवा हातपंपापाशी एखादी बाई हमखास विचारते, "ताई, आम्हाला गट काढायचाय. मिशन किती पैसे देईल?" आणि शहरातल्या मंडळ्यांत अहवाल द्यायला गेले की तुमच्यापैकी कोणीतरी विचारते, "ताई, गटाला आम्ही किती पैसे द्यावेत?" दोन्हीकडचा प्रश्न पैशाचाच आहे. या अंकात त्याचे उत्तर सविस्तर देते, पण त्याआधी माझी एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एका पाड्यावर मी बारा जणींचा गट केला. आदल्या नाताळला जमलेल्या दानातून आपण त्यांना चार शिलाई मशिनी दिल्या. प्रार्थना झाली, फोटो निघाले. दिवाळीनंतर निम्म्या जणी ऊसतोडीला गुजरातेत गेल्या. परत आल्यावर बैठक घेण्याची निकड कोणालाच वाटली नाही, कारण गटात कोणाचाच स्वतःचा रुपया नव्हता. मशिनी कोणाच्या घरी ठेवायच्या यावरून दोन जावा मात्र बोलेनाशा झाल्या. पुढे शासनाच्या 'उमेद' अभियानातल्या ताई गट पाहायला आल्या. त्यांनी पहिल्यांदा गटाची वही मागितली. वही नव्हती. वही लिहायची असते हे मीच त्यांना कधी सांगितले नव्हते.

पहिला पैसा गटाचा

'उमेद' म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. केंद्राच्या २०११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे राज्यातले काम तेच पाहते. गट साधारण १० ते २० महिलांचा असतो. डोंगराळ आणि आदिवासी भागात घरे विखुरलेली असतात, म्हणून तिथे ५ जणींचाही गट चालतो. एवढ्या लहान गटाला नोंदणीची गरज नाही.

गटाने पाळायच्या पाच गोष्टींना पंचसूत्री म्हणतात: नियमित बैठक, नियमित बचत, आपापसात कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि वेळच्या वेळी लिहिलेला हिशेब. बाहेरून येणारी प्रत्येक मदत या पाच गोष्टी पाहूनच येते.

पुढच्या गटाला मी फक्त एक हजेरी-वही, एक हिशेबवही आणि पेन दिले. अकरा जणी आठवड्याला वीस-वीस रुपये टाकू लागल्या. वही लिहायला आठवीपर्यंत शिकलेली एक सून पुढे आली. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जाण्याआधीच पुढच्या आठवड्यांची बचत भरायची, असा ठराव त्यांनीच केला. सहा महिन्यांत पावणेसहा हजारांच्या आसपास रक्कम जमली. पहिले कर्ज आठशे रुपयांचे होते. तापाने फणफणलेल्या लेकराला रात्री नवापूरला न्यायला गाडी करावी लागली होती. दुसरे कर्ज तुरीच्या बियाण्यासाठी गेले. एरवी ते बियाणे व्यापारी उधार द्यायचा आणि काढणीला तूर आपल्या भावाने उचलायचा. त्या वर्षी त्या घराची तूर पहिल्यांदा बाजारात गेली. त्यात मिशनचा एक रुपयाही नव्हता.

मग फिरता निधी आणि बँक

गट काही महिने पंचसूत्रीने चालला की उमेदकडून फिरता निधी मिळतो. पूर्वी तो १५ हजार रुपये होता. २०२३ साली राज्य शासनाने तो ३० हजार केला. हा निधी वाटून घ्यायचा नसतो. तो गटाच्या बचतीत मिसळतो आणि कर्ज म्हणून सभासदांमध्ये फिरत राहतो. गावातले गट मिळून ग्रामसंघ होतो. ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधीही मिळतो आणि तोही परतफेडीनेच फिरतो.

त्यानंतर बँक. गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला. आज त्याविषयी रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक गटाला तोंडपाठ हव्यात.

एक, बचत खाते उघडताना सगळ्या सभासदांची नव्हे, पदाधिकाऱ्यांची ओळखीची कागदपत्रे पुरतात.

दोन, कर्जासाठी गट किमान सहा महिने चालू असावा लागतो, पण हे सहा महिने गटाच्या वहीवरून मोजायचे असतात, बँक खाते उघडल्याच्या तारखेवरून नाही.

तीन, उमेदच्या गटाला पहिले कर्ज किमान दीड लाखाचे मिळायला हवे. १० लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःची रक्कम घालण्याची अटही नाही. १० ते २० लाखांपर्यंतही तारण मागता येत नाही.

चार, ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला सवलतीचा ७ टक्के व्याजदर लागू आहे.

दुसरी गोष्ट आमच्या फार कामी आली. एका बँकेत आम्हाला सांगितले, "खाते दोनच महिन्यांपूर्वी उघडलेय, चार महिन्यांनी या." गटाची अध्यक्ष काही बोलली नाही. तिने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. पहिल्या बैठकीपासूनच्या सह्या आणि अंगठे त्यात होते. दुसऱ्या खेपेला आम्ही तालुका कार्यालयातून परिपत्रकाची प्रत नेली, आणि प्रस्ताव घेतला गेला. कर्ज आल्यावर काहींनी शेळ्या घेतल्या, दोघींनी सावकाराचे देणे मिटवले. हप्ते चालू आहेत.

प्रशिक्षण फुकट आहे, अडचण घरची आहे

जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. ती बँक चालवते. शिकवणे, राहणे आणि जेवण तिथे मोफत असते. शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम, खाद्यपदार्थ असे वर्ग होतात, आणि पुढे कर्जासाठीही मदत मिळते. शेतीतल्या गोष्टींसाठी कृषी विज्ञान केंद्र आहे.

फुकट असूनही बाया जात नाहीत. अंगावरचे मूल कोणी सांभाळायचे? गुरांना पाणी कोण दाखवणार? आणि मराठीतून शिकवलेले मावची बोलणाऱ्या बाईला दोन दिवस तरी नीट उमगत नाही. ही अडचण सरकारी परिपत्रकाने सुटत नाही. आपल्यासारख्यांचे काम इथे सुरू होते.

आदिवासी गटांसाठी आणखी काय?

नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून काही वाटा आपल्याला वेगळ्या उघडतात.

नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लिअस बजेटच्या योजनांचे अर्ज मिळतात. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ कर्ज देते. आदिवासी महिलांसाठीच्या योजनेत २ लाखांपर्यंतच्या उद्योगाला ४ टक्के व्याजाने कर्ज मिळते. मोहफुले, चारोळी, चिंच गोळा करणाऱ्या गटांसाठी २०१८ साली सुरू झालेली वनधन योजना आहे. त्यात गट एकत्र येऊन सुमारे ३०० सभासदांचे केंद्र करतात, आणि अशा केंद्राला १५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधीतला वाटा थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणून मी गटातल्या भगिनींना सांगते, ग्रामसभेला मागे बसायला जाऊ नका, बोलायला जा.

आमचा गट सध्या तुरीकडे पाहतो आहे. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आमच्या बाया तूर विकतात आणि डाळ दुसरा कोणी विकतो. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म खाद्य उद्योग योजनेत सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय आहे. लहान डाळगिरणी घ्यावी का, यावर दोन बैठका झाल्या. वीज टिकत नाही, गिरणी बिघडली तर कोण दुरुस्त करणार, असे प्रश्न त्यांचेच आहेत. या वेळी मी घाई करत नाही.

योजनांच्या रकमा आणि अटी बदलत राहतात. अर्ज करण्याआधी पंचायत समितीतल्या उमेदच्या तालुका कक्षात जाऊन चालू परिपत्रक पाहावे. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

मग आपण काय द्यावे?

पाच हजारांना जेवू घालण्याआधी प्रभूने शिष्यांना त्यांच्याजवळ काय आहे ते पाहायला लावले. होते ते थोडे होते, पण सुरुवात त्याच्यापासूनच झाली. मी चार मशिनी दिल्या तेव्हा त्या बायांजवळ काय आहे हे विचारलेच नव्हते.

म्हणून आता तुमच्याकडे मागणे वेगळे आहे. तुमच्या मंडळीत निवृत्त बँक कर्मचारी किंवा शिक्षक असतील, तर त्यांनी महिन्यातले दोन दिवस वही लिहायला शिकवण्यासाठी द्यावेत. तालुक्याला आणि बँकेत खेपा घालण्याचे गाडीभाडे, प्रशिक्षणाच्या दिवसांत मुले सांभाळणाऱ्या बाईचे मानधन, वह्या आणि शिक्के, यांसाठी दान द्यावे. गटाच्या पेटीत थेट पैसे घालू नयेत.

आणखी एक गोष्ट. हे गट गावाचे आहेत. त्यांत आपल्या मंडळीच्या भगिनी आहेत तशाच इतरही आहेत. बचत आणि कर्ज यांचा उपासनेला येण्याशी संबंध नाही, आणि तो कोणी जोडू नये.

त्या चार मशिनींपैकी एक अजून चालते. जुन्या गटातल्या सहा जणी गेल्या महिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आम्हाला पण वही द्या." दिली. पहिल्या पानावर सहा नावे आहेत आणि प्रत्येकीपुढे वीस रुपये. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

ख्रिस्तसेवेत तुमची भगिनी